दुधनीची ती

आण्णा, काल तुझे दिवस झाले. तेरावं नीट पार पडलं. भात थोडा कमी पडला, पण ते आपल्या भावकीत नेहमीचंच. सांगायची गोष्ट ती नाही. दुधनीची ती काल आली होती.

तू गेल्यापासून आम्ही तिचीच वाट बघत होतो. रडत होतो हे खरं, पण रडता रडता एक डोळा दाराकडे होता. वहिनीचे तर दोन्ही. भेटायला आलेल्या बायका तिच्या गळ्यात पडायच्या आणि ही त्यांच्या खांद्यावरून रस्ता बघायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, ती आली तर दारातनंच परत लावा." मग म्हणाली, "आन संगं लेकरू असलं तर आत घ्या. लेकराचा काय गुन्हा." हे बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. तुमच्या घरात पाळणा हलला नाही, म्हणून तू दुसरीकडे हलवलास, असं तिनं केव्हाच धरलं होतं. आणि मी, तुझा सख्खा धाकटा भाऊ, तिला नाही म्हणू शकलो नाही. कारण मलाही तेच वाटत होतं.

माझा स्वभावच तसा, तुला माहीत आहे. तूच म्हणायचास, "म्हाळू देवाच्या भंडाऱ्यातबी भेसळ हुडकतोय." हुडकतो. आणि पुष्कळदा सापडते, हे तू कधी कबूल केलं नाहीस.

आपलं बिनसलं ते पुराच्या साली. त्यावर तू कधी बोलू दिलं नाहीस, तर आज ऐकून घे. उठून जाता येणार नाही तुला.

त्या भादव्यात आपली मेंढरं सीनेकाठच्या एका रानात बसवली होती. मेंढरं बसली की लेंड्यांनी रान पिकतं आणि शेतकरी त्याबदली जोंधळा देतो. आपल्या बापजाद्यांपासूनचा रिवाज. कळपात आपली होती, भावकीची होती, आणि बिरोबाला सोडलेला तो एडका होता, ज्याला बांधायचं नाही, काठी लावायची नाही, कुणाच्या पिकात शिरला तरी हात जोडून वाट बघायची. राखायला काळ्या आणि हरणी, आपली कुत्र्यांची जोडी. तू सकाळी भाकरी बांधून घ्यायला घरी आलास. गावावर स्वच्छ ऊन पडलं होतं. पाऊस वर कुठंतरी कोसळला असावा, कारण तू ताटावरून उठेपर्यंत नदी रानात शिरली होती.

आपण पळत गेलो तर मधे पाणीच पाणी. बाभळीचं टेकाड तेवढं वर उरलं होतं आणि त्यावर सगळी मेंढरं एकमेकांच्या अंगावर दाटून उभी. कोळ्यानं भोपळ्यांची सांगड पाण्यात घालायला साफ नकार दिला. तू धोतर खोचून निघालास तर वहिनीनं तुझ्या कमरेला मिठी मारली. गावासमोर, पदर पडला तरी सोडली नाही. तू तिला शिव्या दिल्यास. ती त्या खात राहिली आणि तू वाचलास.

मग आपण सगळे काठावर उभं राहून नुसतं बघत बसलो. मेंढरू म्हणजे खुळी जात. एक घसरलं की बाकीची त्याच्या मागोमाग निघतात. काळ्या पाण्याच्या कडेला होता. जे घसरेल त्याला तो पाण्यात उतरून छातीनं रेटत वर लोटायचा. हरणी वरच्या अंगाला कळपाभोवती फेऱ्या घालून त्यांना पांगू देत नव्हती. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आपण पिल्लू डोळे उघडायच्या आत वाड्यात आणतो, मेंढीच्या सडाला लावतो, कोकरांत झोपवतो. मोठं झाल्यावर त्याला कळप म्हणजे आपली भावंडंच वाटतात. दुसऱ्या दिवशी काळ्या एका कोकरामागं उतरला. कोकरू वर आलं. काळ्या आला नाही. तू त्याला मारलेली हाक मला अजून ऐकू येते, आणि ती आठवली की मी तुझ्यावरचा सगळा राग विसरतो. थोडा वेळ.

त्याच दुपारी कुणीतरी ओरडलं, "बाभळीखाली बघा, बाभळीखाली." तिथं लांडगा होता. पुरानं त्यालाही त्याच टेकाडावर आणून टाकलं होतं. आपण सगळ्यांनी काठावरून एकच गिल्ला केला, "हरणे, छू, छू." आपला कायदा साधा आहे. लांडगा दिसला की कुत्र्यानं त्याच्या अंगावर जायचं. जे जात नाही ते कुत्रं नव्हे. हरणी उठली, लांडगा आणि मेंढरं यांच्या मधे गेली आणि खाली बसली. धावली नाही, भुंकली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. पाणी उतरेपर्यंत दोघं तशीच बसून होती. मग चिखलातून वाट झाली तसा लांडगा मान खाली घालून निघून गेला. आपण जाऊन पोचलो तर मेंढरं जिवंत होती. बिरोबाचा एडका तेवढा नव्हता.

देवाचा एडका गेला म्हटल्यावर कुणीतरी दोषी पाहिजेच. नदीला कुठं उभं करणार. पंच बसले. म्हातारे कारभारी म्हणाले, "काळ्या इमानी. त्येनं जीव दिला. ही कुत्री मातूर लांडग्याला मिळाली. एडका त्येला दिला आन गप बसली. हिचं डोळं बघा, पिवळं हायत. त्येचंच रगत हाय हिच्यात." मेलेला इमानी ठरला आणि जगलेली फितूर. आपल्या गावात माणसांचंही असंच होतं म्हणा.

मी उभा राहिलो. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण राहवेना. म्हटलं, "एडका खाल्लेल्या लांडग्याचं प्वाट पाठीला लागतंय व्हय? जाताना बघितलं न्हाई का त्येला, निस्त्या बरगड्या. ही त्येच्या अंगावर गेली असती तर मेंढरं बुजून पाण्यात पडली असती की. म्हणून बसली ती." कारभारी म्हणाले, "तू गिरणीत जायाच्या गोष्टी करतोस, तुला मेंढरातलं काय कळतंय." लोक हसले. मी तुझ्याकडे बघितलं. कुत्री तुझी, तू एक शब्द बोललास की झालं असतं. आणि तू काय बोललास? "पंच म्हनत्यात ते खरं हाय. कुत्री फितूरच हाय. पन माझी हाय. गावानं तिला काठ्या घालायच्या न्हाईत. मी एकटा निऊन निकाल लावतो."

ती दोरीला तुझ्या मागून शेपूट हलवत गेली. परत आलास तेव्हा तुझ्या हातात नुसता तिचा काट्यांचा पट्टा होता. "झालं," म्हणालास आणि तो पट्टा मेढीला टांगलास. मी तो गुपचूप काढून बघितला. रक्ताचा ठिपका नाही. कापलेला नाही, बक्कल नीट सोडवलेलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, आणि आलाही. मी विचारलं, "आण्णा, खरंच मारलीस?" तू म्हणालास, "झालं म्हनलं न्हवं? परत नाव काढू नको." तुझी नजर अशी होती की मी समजलो, गळफासानं मारली असणार. रक्त कुठून येईल. दसरा झाला आणि मी सोलापूर धरलं. गिरणीत साच्यावर उभा राहिलो. तुझ्याशी पावसापाण्याचं बोलायचो, बाकी काही नाही.

आणि मग तुझं ते दुधनीला जाणं सुरू झालं.

दिवाळी झाली की तू निघायचास. कशाला, तर म्हणे घोंगड्याला लोकर बघायला. आपल्या दारात लोकरीचे ढीग, आणि हा दुधनीला लोकर बघायला चालला. यायचास तो मोकळ्या हातानं आणि हसतमुखानं. वहिनीनं विचारलं तर "पसंत पडली न्हाई." एके साली तिला तुझ्या घोंगड्यावर केस सापडला, भुरकट. मी सुट्टीला आलो तर तिनं तो पदराच्या गाठीतून काढून दाखवला. मी म्हटलं, "वयनी, मेंढराचा असंल." ती म्हणाली, "मेंढराचा केस मला कळत न्हाई व्हय? ह्यो मेंढराचा न्हवं. आन तरण्या बाईचाबी न्हवं." म्हणजे तुझी ती वयानं थोराड आहे, इतपत तपास तेव्हाच लागला होता.

मागच्या साली तर मी तुला नव्या पेठेत बघितलं. तू सोलापुरात आलास आणि माझ्या खोलीवर आला नाहीस, इथूनच मनात पाल चुकचुकली. तू एका दुकानापुढं उभा होतास, हातात घुंगरू. कानाशी धरून वाजवत होतास, परत ठेवत होतास, दुसरं उचलत होतास. वहिनीला बांगड्या घ्यायच्या तर तू कासाराला न बघताच "भर" म्हणणारा माणूस. शेवटी एक घेतलंस, आणि शेजारून लाल कापडाचा तुकडा. मी खांबाआडून सगळं बघितलं आणि पुढच्याच सुट्टीला वहिनीला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, त्याला मी काय करू. वहिनी ऐकून घेत भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "घुंगरवाली हाय म्हणा की."

तिनंच मला होटगीला पाठवलं. तू गावाहून चालत होटगीला येणार आणि तिथं गाडीत बसणार, हे तिला ठाऊक होतं. मी सोलापुराहून आधीच येऊन फलाटावर बसलो. तू आलास, मांडीवर गठुडं घेऊन बाकावर टेकलास. मी सरळ समोर जाऊन उभा राहिलो. चोर पकडल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

"काय रं म्हाळू, हितं कुटं?"

"तू कुटं?"

"दुधनीला. लोकर बघाया."

"गठुड्यात काय हाय?"

"शेंगा."

तू गठुडं जरा आवळून धरलंस आणि ते आतून वाजलं. मी म्हटलं, "शेंगा वाजत्यात व्हय?"

"वाळल्या की वाजत्यात की," असं म्हणून तू इतक्या शांतपणे माझ्याकडे बघितलंस की मीच ओशाळलो. गाडी आली. तू चढलास, खिडकीतून म्हणालास, "येतोस का संगं?" मी नाही म्हटलं. मला वाटलं, तू माझी थट्टा करतो आहेस. आता वाटतं, तू खरंच विचारत होतास. आण्णा, एवढं एकदा मी हो म्हटलं असतं तर. पण तूही काय माणूस, दुसऱ्यांदा विचारायचं होतंस.

तापानं तुला चारी बाजूंनी घेरलं तेव्हा मी येऊन बसलो. शेवटच्या दिवशी तू डोळे न उघडताच म्हणालास, "दिवाळी झाली की जायाला पायजे." वहिनी पाणी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, तोंड भिंतीकडे फिरवलं. मग बसून तुला पाणी पाजलं. तेच पाणी शेवटचं ठरलं. मला तुझा तेव्हा इतका राग आला की तू गेलास तरी बराच वेळ डोळ्यांतून पाणी निघेना.

तर कालची गोष्ट. जेवणं चालली होती. कारभारी पहिल्या पंगतीला, आता पार थकले आहेत, वाकून वाकून भात शोधतात. आणि दाराबाहेर घुंगराचा आवाज झाला.

वाढणाऱ्यांचे हात थांबले. म्हणजे ही गोष्ट नुसती वहिनीला आणि मलाच नव्हे, सगळ्या भावकीला ठाऊक होती. आता हे कुणी सांगितलं असेल, ते तू विचारू नको. वहिनी उठली. तिनं पदर नीट केला, कपाळ पुसलं आणि आपण होऊन दारात गेली. मी मागोमाग धावलो, भांडण झालं तर मधे पडायला.

बाहेर एक उंच माणूस उभा होता, डोक्याला पटका, खांद्यावर कांबळं. हातात दोरी. दोरीच्या टोकाला एक म्हातारी कुत्री, भुरकट, डोळ्यांवर पांढुरका सारा पडलेला. गळ्यात लाल कापडाची पट्टी आणि तिला घुंगरू.

"बिराप्पा आण्णाचं घर ह्येच की?" तो म्हणाला. "मी दुधनीचा सिद्दप्पा. बाजारात कळ्ळं, आण्णा गेलं म्हणून. ह्ये त्यांचं जनावर. पुराच्या साली माझ्याकडं आणून सोडलं. म्हणलं, हिच्यावर आळ आलाय, गावात जगू देणार न्हाईत, तुझ्या मेंढरात ठेव. दर दिवाळीला येत होतं हिला भेटायला. हिला आता दिसत न्हाई, कुटं गेली ते कळावं म्हणून घुंगरू त्यांनीच बांधलं. ह्या दिवाळीला ते यायचं न्हाईत. मग मीच हिला घेऊन आलो."

हरणीनं नाक वर करून वास घेतला. माझ्याकडे वळली नाही. वहिनीच्या पायांजवळ गेली आणि तिचं लुगडं हुंगत राहिली. तुझा वास असेल त्याला, दुसरं काय.

वहिनी खाली बसली. मला वाटलं तिला भोवळ आली. तिनं हरणीच्या मानेखाली हात घातला, ते घुंगरू बोटानं हलवून बघितलं, वाजलं तशी हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, तू गेल्यापासून प्रथमच. सगळ्या बायका धावल्या. तिनं त्यांना हातानं बाजूला केलं आणि तुला म्हणाली, कुणाला नाही, तुलाच, "मला सांगितलं असतं तर हिची भाकरी म्या बांधून दिली असती की."

हे ऐक, आण्णा. इतकी वर्षं तिनं आतल्या आत जे सोसलं, त्याचं तू काय उत्तर देणार आहेस? पंचांना फसवलंस ते मी समजतो. हरणीला फितूर म्हटल्याशिवाय ते तिला तुझ्या हवाली करणार नव्हते, हे आता माझ्या टाळक्यात शिरलं. पण बायकोला सांगायला काय झालं होतं? मी सिद्दप्पाला तेच विचारलं. तो म्हणाला, "मीबी विचारलं होतं. आण्णा म्हणलं, बायकोला सांगितलं तर ती भावाला सांगणार, भावाला सांगितलं तर गावाला कळणार. त्येच्या पोटात ऱ्हात न्हाई. पण पंचात हिच्या बाजूनं उभा राहिला तो तेवढा एकटाच, म्हणलं." हे तू दुधनीच्या माणसाला सांगितलंस. मला सांगायला तुला होटगीचा फलाट लहान पडला.

कारभारी हात धुवून दारात आले. त्यांनी कपाळावर हात धरून हरणीकडे बराच वेळ बघितलं. ती जीभ बाहेर काढून बसली होती, मेंढरांचा वाडा पाठीशी घेऊन आणि सगळ्या पंगतीकडे तोंड करून. "कुणाचं कुत्रं हाय ह्ये?" ते म्हणाले. मी म्हटलं, "आमच्या वयनीचं." ते म्हणाले, "बरं. भात घाला तिला." त्यांना दिसलं नाही, की सगळं दिसलं, की तेव्हाच सगळं ठाऊक होतं आणि त्यांनाही एडक्यापायी पंच म्हणून तसं बोलणं भाग पडलं, मला काही कळत नाही. रात्रभर याच विचारात डोळा लागला नाही.

आज सकाळी मी मेढीवरचा तो पट्टा काढून हरणीच्या गळ्यात घालून बघितला. सैल होतो. वाळली आहे ती. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तिला घुंगरूच बरं दिसतंय."

सिद्दप्पा निघाला तेव्हा वहिनीनं त्याच्यासाठी भाकरी बांधल्या. मी बघत होतो, तिनं एक वेगळी बाजूला काढून ठेवली आणि परत दाराकडे तोंड करून बसली. म्हटलं, "वयनी, आता कुणाची वाट बघताय? ती आली की."

"काळ्याची," ती म्हणाली. "पुरात गेला म्हणं. तुमच्या भावाचा काय भरवसा. त्योबी कुटंतरी ठेवला असंल."